‘रुग्ण अस्वस्थ आहे’ : स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाची पाहणी, नोंद आणि शुश्रूषा

मनोविकार विभागात काम करताना केसपेपरवरचे जे वाक्य मला सर्वांत जास्त खटकते, ते म्हणजे ‘रुग्ण अस्वस्थ आहे’. ते खोटे नसते, परंतु ते वाचून पुढच्या ड्यूटीवरच्या सिस्टरला किंवा सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरांना काहीच हाती लागत नाही. आवाज ऐकू येत असल्यामुळे तो घाबरला आहे, घरच्या आठवणीने कासावीस झाला आहे, की कालच वाढवलेल्या औषधामुळे त्याला एका जागी बसवत नाही? या तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत. स्किझोफ्रेनिया म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणे, खोट्या समजुती पक्क्या होणे अशी लक्षणे असलेला गंभीर मनोविकार. त्याचे निदान रक्ततपासणीवरून किंवा स्कॅनवरून होत नाही. ते रुग्णाच्या बोलण्या-वागण्यावरून आणि घरच्यांनी सांगितलेल्या हकिगतीवरून होते. डॉक्टर रुग्णासमोर दिवसातून काही मिनिटे असतात, परिचारिका मात्र आठही प्रहर असते. त्यामुळे तिने काय पाहिले आणि ते कोणत्या शब्दांत लिहून ठेवले, यावर पुढचे बरेच काही ठरते. नर्सिंगच्या विद्यार्थिनींसाठी, आणि घरी अशा माणसाची काळजी घेणाऱ्यांसाठीही, हे लिहीत आहे.

राज्यातील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे, म्हणजे आपल्या मराठवाड्याबाहेर आहेत. आपल्याकडचा रुग्ण येतो तो वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात, आणि तोही बहुतेक वेळा देवऋषी, अंगारे, उतारे हे सगळे करून झाल्यावर. सोबतची आई पदराने डोळे पुसत सांगते, “सिस्टर, लेकरू लई हुशार होतं बगा. कुणीतरी करणी केली. बाहीरचं हाय समदं.” या क्षणी तिला अंधश्रद्धाळू ठरवून दोन शब्द सुनावणे सोपे असते, आणि तसे केले की हकिगत तिथेच बंद पडते. मी इतकेच म्हणते, “मावशी, तुम्ही लेकरासाठी सगळे करून पाहिले. आता हे कधी सुरू झाले ते मला सांगा.” तारखा तिला सांगता येत नाहीत, पण सण सांगता येतात. पोळ्याला बैल धुवायला तो आला होता का? दिवाळीला नवे कपडे घातले का? संक्रांतीला कुणाशी बोलला का? रात्रीची झोप आधी गेली, की कामावरचे लक्ष आधी उडाले? लक्षणे एक महिन्याची आहेत की सहा महिन्यांची, या प्रश्नाला निदानात मोठे महत्त्व आहे आणि त्याचे खरे उत्तर असल्या प्रश्नांतूनच मिळते.

मनाकडे वळण्याआधी शरीर पाहावे. ताप, नाडी, रक्तदाब, रक्तातील साखर, डोक्याला मार लागल्याची खूण, दारू अचानक सुटली आहे का, गांजाची सवय आहे का, हे पहिल्याच तासात नोंदवले गेले पाहिजे. ज्याला डोळ्यांपुढे माणसे किंवा किडे दिसतात, जो सकाळी शुद्धीत बोलतो आणि संध्याकाळी दिवस-वार विसरतो, त्याच्या मेंदूवर शारीरिक आजाराचा परिणाम झालेला असू शकतो आणि तसे असल्यास तो तातडीचा रुग्ण असतो. स्किझोफ्रेनियात प्रामुख्याने आवाज ऐकू येतात आणि वेळ, स्थळ, माणूस यांचे भान सहसा शाबूत असते.

एक तरुण रुग्ण मला नेहमी आठवतो. दाखल झाल्यावर तो वॉर्डातले जेवण घेईना आणि केसपेपरवर ‘जेवण नाकारतो, संशयी’ एवढेच लिहिले जात होते. जेवणाच्या वेळी त्याच्यापासून थोडे दूर बसून पाहिले, तेव्हा लक्षात आले की तो वरणाच्या वाटीचा वास घेऊन ती सरकवतो, पण केळे स्वतः सोलून खातो आणि उकडलेले अंडेही टरफलासकट दिले तर घेतो. पाणी जगमधले नको, नळाचे चालते. ही नोंद झाल्यावर त्याच्या मनात काय चालले आहे हे कुणी वेगळे सांगायची गरज राहिली नाही; अन्नात काहीतरी घातले जाते, अशी त्याची पक्की समजूत होती. ‘यात विष नाही’ हे पटवण्याच्या भानगडीत कुणी पडले नाही, कारण भ्रम वादाने जात नाही, उलट वाद घालणारा माणूसच त्या कटात सामील ठरतो. केळी, अंडी, बंद बिस्किटपुडा, सर्वांसमोर एकाच भांड्यातून वाढणे, शक्यतो त्याच सिस्टरने रोज जेवण देणे, एवढेच केले. औषधाचा अंमल वाढत गेला तसा तो प्रथम दुसऱ्याने खाल्ल्यावर आणि नंतर आपण होऊन भाकरी घेऊ लागला. अशा रुग्णाजवळ आपसात कुजबुजू नये, कारण नसताना हसू नये, त्याला न विचारता अंगाला हात लावू नये. अमेरिकन परिचारिका हिल्डेगार्ड पेप्लॉ यांनी 1952 मध्ये परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील नात्याला शुश्रूषेच्या केंद्रस्थानी ठेवले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन या औषधाचा मनोविकारावर प्रथम यशस्वी वापर झाला. माझ्या मते या दोन्ही गोष्टी आजही एकमेकींवाचून अपुऱ्या आहेत.

आवाजांबद्दल विचारायला नव्या मुली बिचकतात. विचारले पाहिजे आणि सरळ विचारले पाहिजे. “मला तो आवाज ऐकू येत नाही, पण तुम्हाला येतो आणि त्याची भीती वाटते, हे मला कळते,” या वाक्यात खोटेपणाही नाही आणि टिंगलही नाही. त्यानंतरचे प्रश्न महत्त्वाचे: आवाज एकाचा की अनेकांचा, ओळखीचा की अनोळखी, तो तुमच्याविषयी बोलतो की तुम्हाला हुकूम देतो, आणि हुकूम दिला तर तो मोडता येतो का? ‘विहिरीत उडी घे’ असे सांगणारा आवाज आणि त्याचे ऐकावेच लागते असे म्हणणारा रुग्ण, ही नोंद पुढच्या ड्यूटीची वाट पाहत ठेवण्याची नाही. ती त्याच क्षणी डॉक्टरांच्या कानावर घालून रुग्णाला सतत नजरेखाली ठेवावे लागते. या आजारात साधारण 20 टक्के रुग्ण आयुष्यात कधी ना कधी आत्महत्येचा प्रयत्न करतात आणि सुमारे 5 टक्क्यांचा मृत्यू आत्महत्येने होतो. आजार उतरून आपले काय झाले याची जाणीव येऊ लागते तेव्हाही हा धोका असतो, म्हणून रुग्ण ‘शांत’ झाला की लक्ष काढून घेऊ नये. विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात भरतो, ही समजूत खरी नाही.

आता औषधांकडे. गोळी हातावर ठेवून पुढे जाणे म्हणजे औषध देणे नव्हे. ती गालात दाबून ठेवली जाते आणि नंतर खिडकीबाहेर पडते, म्हणून पाणी द्यावे आणि दोन मिनिटे थांबून बोलावे. याहून अवघड आहे ते दुष्परिणाम ओळखणे. हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने काही रुग्णांना अकॅथिसिया, म्हणजे एका जागी स्थिर राहू न देणारी तगमग, होतो. असा रुग्ण बसतो, उठतो, पाय बदलत उभा राहतो, चकरा मारतो आणि विचारले तर “आतून बसवत नाही” म्हणतो. याची नोंद ‘रुग्ण अस्वस्थ’ अशी झाली तर आजार वाढला असे समजून तेच औषध आणखी वाढवले जाण्याची भीती असते, आणि रुग्णाचा छळ दुप्पट होतो. ‘काल संध्याकाळी डोस वाढवल्यापासून पाय स्थिर नाहीत, राग नाही, आवाज वाढल्याचे सांगत नाही’ असे लिहिले तर डॉक्टर डोस कमी करण्याचा विचार करतात. दुसरा प्रकार तीव्र डिस्टोनियाचा, म्हणजे स्नायू अचानक आवळले जाण्याचा: मान एका बाजूला वळते, बुबुळे वर चढतात, जबडा आवळतो. नातेवाईक हात जोडून उभे राहतात, कारण त्यांना वाटते अंगात आले. प्रोमेथाझिनसारखे इंजेक्शन दिल्यावर थोड्याच वेळात मान सरळ होते, आणि हे औषधामुळे झाले होते हे त्याच वेळी समजावून सांगितले नाही तर घरी गेल्यावर गोळ्या बंद झाल्याच म्हणून समजा. खूप ताप, लाकडासारखे ताठलेले अंग, घाम आणि ढळणारी शुद्ध हे एकत्र दिसले तर औषध थांबवून तातडीने डॉक्टरांना बोलवावे, कारण ती जिवावरची गोष्ट आहे.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 42 अंशांच्या वर जातो तेव्हा आणखी एक काळजी घ्यावी लागते. यातील बरीच औषधे आणि त्यांच्या जोडीला दिली जाणारी ट्रायहेक्सीफेनिडिल ही गोळी शरीराची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता कमी करतात, त्यामुळे हा रुग्ण इतरांच्या आधी उष्माघाताच्या तडाख्यात सापडतो. भर दुपारी शेतात पाठवू नका, हे घरच्यांना एप्रिलच्या आधीच सांगावे. क्लोझापिन हे औषध चालू असलेल्याच्या पांढऱ्या पेशी सुरुवातीच्या 18 आठवड्यांत दर आठवड्याला तपासायच्या असतात. ताप किंवा घसादुखी झाली तर तपासणीच्या तारखेची वाट पाहायची नाही. शौचाला कधी झाले, हे अशा रुग्णाला रोज विचारावे, कारण या औषधाने होणारे बद्धकोष्ठ जीवघेणे ठरू शकते. तो बिडी ओढतो की तंबाखू मळून खातो, हेही लिहावे. बिडी-सिगारेटच्या धुरामुळे क्लोझापिन शरीरातून लवकर निघून जाते. वॉर्डात बिडी सुटली की त्याच डोसला रक्तातले औषध वाढते आणि रुग्ण गुंगीत जातो. तंबाखू चघळण्याने तसे होत नाही.

रुग्णाला बांधून ठेवण्याविषयी थोडक्यात. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 नुसार साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई आहे. अन्य कोणतेही बंधन रुग्णाला किंवा इतरांना तत्काळ होऊ शकणारी इजा टाळण्यासाठी, दुसरा उपाय नसेल तरच, मनोविकारतज्ज्ञांच्या परवानगीने आणि नोंद ठेवूनच वापरायचे असते. ते शिक्षा म्हणून किंवा मनुष्यबळ कमी आहे म्हणून वापरता येत नाही. तमिळनाडूतील एरवाडी येथे 6 ऑगस्ट 2001 रोजी लागलेल्या आगीत साखळ्यांनी बांधलेले मनोरुग्ण पळू न शकल्याने जळून गेले, हे प्रत्येक नव्या बॅचला मी आवर्जून सांगते.

आवाज थांबल्यानंतरही बोलणे कमी होणे, चेहऱ्यावर भाव न उमटणे, काही करावेसे न वाटणे ही लक्षणे मागे राहतात. शेतकरी घरात त्याला सरळ ‘आळशी’ म्हटले जाते. वडील म्हणतात, “खातंय-पितंय, मग काम करायला काय झालं?” हाही आजारच आहे, हे शांतपणे आणि पुन्हा पुन्हा सांगावे लागते. सततची टोचणी, वैर आणि जीव गुदमरेल इतकी काळजी यांनी आजार उलटण्याची शक्यता वाढते. सुरुवातीला गोठा झाडणे, जनावरांना पाणी दाखवणे असे एकच ठरलेले काम द्यावे आणि ते झाले की दखल घ्यावी.

सुट्टी देताना मी पहिला प्रश्न विचारते तो हंगामाचा. बीड आणि आसपासच्या भागातील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. नेमक्या याच काळात गोळ्या संपतात. दर दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचे फ्लुफेनाझिनचे डेपो, म्हणजे अनेक दिवस अंमल टिकणारे, इंजेक्शन असेल तर कोणत्या तारखेला, कोणत्या गावी आणि कुठल्या सरकारी दवाखान्यात ते घ्यायचे, हे जाण्याआधीच ठरवून चिठ्ठीवर लिहून द्यावे लागते. चिठ्ठीत निदान, औषधाचे नाव, डोस, शेवटचे इंजेक्शन कधी आणि कोणत्या बाजूला दिले, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक असावा. आजार उलटण्याची त्या रुग्णाची स्वतःची पहिली खूणही तिच्यात लिहावी. एकाची झोप जाते, दुसरा जेवताना भिंतीकडे तोंड करतो, तिसरा अंघोळ टाळतो. ही खूण घरातल्या बाईला बहुधा आधीच ठाऊक असते. ती तिच्याच शब्दांत लिहून घ्यावी, दोन प्रती कराव्यात, एक तिच्याजवळ द्यावी आणि दुसरी कोपीवर, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपडीवर, सोबत राहणाऱ्या दुसऱ्या नातेवाइकाजवळ.