सकाळी नऊचं लॉगॉन

नऊ वाजले की शाखेतून फोन सुरू. पासवर्ड टाकला की स्क्रीनवरचं चक्र फिरतच राहायचं. त्या वेळेला मुख्य कार्यालयाकडची लाइन गच्च दिसायची, म्हणून वरिष्ठांनी जास्त बँडविड्थचं कोटेशन मागवलं होतं. मला ते पटेना. शाखेत स्वतःचा डोमेन कंट्रोलर (पासवर्ड तपासून आत घेणारा सर्व्हर) असताना लॉगॉनची वर्दळ लाइनवर येतेच कशाला?

शाखेत जाऊन एका मशीनवर कमांड प्रॉम्प्ट उघडला, ‘सेट लॉगॉनसर्व्हर’ टाइप केलं; लॉगॉन कोणत्या सर्व्हरने केलं ते त्यात दिसतं. नाव आलं मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरचं! शेजारच्या मशीनवरही तेच. जुन्या खोलीतली मशीन्स मात्र शाखेच्याच कंट्रोलरकडे जात होती. मग कंट्रोलरवरचा नेटलॉगॉनचा लॉग, म्हणजे लॉगॉन सेवेची नोंदवही, उघडला. नव्या खोलीतल्या पत्त्यांपुढे ओळीने एकच शेरा: ‘नो क्लायंट साइट’, म्हणजे या मशीनची साइट ठाऊक नाही.

नव्या खोलीला नवा सबनेट (आयपी पत्त्यांचा गट) दिला गेला होता, पण ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे कंट्रोलरवरच्या वापरकर्ते-मशीन्सच्या नोंदीत, तो कुठल्याच साइटला (तिथे नोंदवलेल्या ठिकाणाला) जोडलेला नव्हता. कंट्रोलर मशीनचा आयपी पाहून त्याची साइट ठरवतो. सबनेटची नोंदच नसेल तर डीएनएसमधल्या (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेतल्या) सर्वसाधारण यादीतला कोणताही कंट्रोलर चालतो. मुख्य कार्यालयात कंट्रोलर जास्त, त्यामुळे चिठ्ठी बहुधा तिकडचीच निघायची. केर्बेरॉसची तिकिटं (ओळख पटल्याचे परवाने) तशी किरकोळ असतात हो, पण त्यांच्या मागोमाग ग्रुप पॉलिसी (मशीन्सना लागू होणाऱ्या सेटिंग्ज) आणि लॉगॉन स्क्रिप्टही त्याच लाइनवरून यायच्या.

सबनेट शाखेच्या साइटला जोडला. साइट लिंकवर रेप्लिकेशन, म्हणजे एका कंट्रोलरवरचे बदल दुसऱ्यावर पोचणं, मूळच्याच १८० मिनिटांवर होतं; तेवढं कोण थांबणार? हाताने ढकललं. मशीन रीस्टार्ट केल्यावर नाव बरोबर आलं.

तरी थोडी वर्दळ उरलीच. आमच्याकडे डोमेन एकाहून जास्त, आणि शाखेचा कंट्रोलर ग्लोबल कॅटलॉग (सगळ्या डोमेनची थोडक्यात नोंद ठेवणारा) नव्हता. त्यामुळे युनिव्हर्सल ग्रुपच्या (सगळ्या डोमेनमध्ये चालणाऱ्या गटांच्या) सभासदत्वासाठी प्रत्येक लॉगॉनला मुख्य कार्यालयात विचारणा व्हायची. रात्री लाइन मोकळी असताना त्यालाही ग्लोबल कॅटलॉग करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला तो एकच, हिशेब विभागातल्या एका मॅडमचा. त्यांचं रोमिंग प्रोफाइल (लॉगॉनला सर्व्हरवरून मशीनवर येणाऱ्या त्यांच्या सेटिंग्ज आणि फाइली) मुख्य कार्यालयातल्या फाइल सर्व्हरवर, डेस्कटॉपवर व्हिडिओंचा ढीग, आणि लॉगऑफला मशीनवरची प्रत पुसून टाकणारी पॉलिसी. म्हणजे रोज सकाळी सगळा ढीग नव्याने लाइनवरून. पॉलिसी मी बदलली. व्हिडिओ हलवायला मात्र मॅडम अजून तयार नाहीत.