आकडा

ॲमस्टरडॅमला दुपारी कालव्याच्या काठी बसले होते. नवरा नकाशात डोकं घालून होता, म्हणून मी वर पाहत होते. प्रत्येक घराच्या माथ्यावर एक तुळई पुढे आलेली आणि तिला लोखंडी आकडा. जिने इतके अरुंद आणि उभे, की जड सामान दोराने ओढून खिडकीतून आत घ्यायचं. काही घरं तर मुद्दाम पुढे झुकवून बांधलीत, वर जाणारं सामान भिंतीला घासू नये म्हणून.

गिरगावातलं आमचं कपाट जिन्याच्या वळणावर अडलं ते अडलंच. ना वर, ना खाली. मग हमालांनी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून दोर सोडले. सगळी चाळ खाली जमा. आजोबा सूचना देत होते, त्या कोणीच ऐकत नव्हतं. आई देवापुढे. कपाट अधांतरी गिरक्या घेत होतं आणि त्याच्या आरशात आधी आम्हा पोरांची डोकी, मग आभाळ, मग समोरच्या चाळीतल्या काकू तोंडाला पदर लावून. कठड्याचा रंग उडाला तो कायमचाच.

ॲमस्टरडॅम सगळंच चिखलात ठोकलेल्या खांबांवर उभं आहे. डाम चौकातला राजवाडा, म्हणजे १६४८ साली बांधायला घेतलेलं मूळचं नगरभवन, १३,६५९ लाकडी खांबांवर. वर्षाचे दिवस ३६५, अलीकडे १, पलीकडे ९. तिकडची पोरंही असंच पाठ करतात म्हणे. मला असल्या गोष्टी लक्षात राहतात, पासवर्ड राहत नाहीत.

पण फार देखण्या गावात मला थोड्या वेळाने गुदमरायला होतं. लग्नघरात नवी साडी सांभाळत बसल्यासारखं.

रॉटरडॅमला उतरल्यावर हुश्श झालं. काच, सिमेंट, वारा, क्रेन. तिरक्या कलंडलेल्या पिवळ्या घनांची घरं. आत पलंग कुठे लावत असतील देव जाणे. २०१४ साली उघडलेला मार्केट हॉल म्हणजे भलीमोठी कमान. छतभर फळंभाज्यांची चित्रं, आणि कमानीच्या जाडीत लोक राहतात. खिडकीतून खाली बघायचं, कोथिंबीर ताजी दिसली की उतरायचं. आपल्याला तर बाई हेवा वाटला.

नवरा मात्र म्हणाला, ‘इथे जुनं काहीच कसं नाही?’

नाही, कारण १४ मे १९४० रोजी जर्मन विमानांनी पाव तासात गावाचा मधला भाग पेटवून दिला. सुमारे ८०,००० माणसं बेघर झाली. नंतर त्यांनी जुन्याची नक्कल करत न बसता बहुतेक सगळं नवंच बांधलं. आग जिथवर पोचली, ती हद्द जमिनीत दिवे बसवून दाखवली आहे. शिल्पकार ओसिप झाडकिनने केलेला १९५३ सालचा पुतळा हात वर करून उभा आहे, छातीपोटाच्या जागी आरपार भोक. त्याच्यासमोर नवरा काही बोलला नाही. मीही नाही.

डच लोक म्हणतात, पैसा रॉटरडॅमला कमवायचा, हेगला, म्हणजे सरकार बसतं तिथे, वाटायचा आणि ॲमस्टरडॅमला उडवायचा. आम्ही उलट्या टोकाने सुरुवात केली होती. परतीची गाडी हेगला थांबली, पण उतरलो नाही. वाटण्यासारखं काही उरलंच नव्हतं.