आमची वाटचाल : एक सूत माया

शिवणकामात ‘माया’ म्हणजे टिपेच्या पलीकडे सोडलेले जादा कापड. ही माया पाव इंचावरून, म्हणजे दोन सुतांवरून, एका सुतावर कशी आली, एवढीच खरे तर आमच्या छोट्या उद्योगाची हकिकत आहे. आम्ही लघु क्विल्ट-ब्लॉकचे नमुने तयार करतो. क्विल्ट म्हणजे गोधडीसारखे पांघरूण, आणि ब्लॉक म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेला त्यातील एक चौरस. तीन इंचांपासून एक इंचापर्यंतच्या चौरसांचे नकाशे आखायचे, ते पातळ कागदावर छापायचे आणि त्यांना लागणारे कापड कापून, जुळवून संच पाठवायचा, असे आमच्या कामाचे स्वरूप आहे. ताई नकाशे आखते, मी ते शिवून पाहते, आणि कापणी व संच भरण्याचे काम आमच्या दोन सहकारी पाहतात. नकाशे आखण्याचा हात ताईला तिच्या आधीच्या नोकरीतून मिळाला होता. तेथे ती घरांचे आराखडे काढीत असे, येथे ती घरांपेक्षा कितीतरी लहान गोष्टींचे काढते.

सुरुवात बाहुलीघरातील एका पलंगापासून झाली. पलंग १:१२ या प्रमाणात बनवलेला होता, म्हणजे खऱ्या वस्तूचा एक फूट तेथे एक इंच होतो, आणि त्यावर घालण्यासाठी त्याच प्रमाणातील क्विल्ट आमच्याकडे मागितले गेले. ८४ बाय ९६ इंचांचे क्विल्ट या हिशेबाने ७ बाय ८ इंचांचे होते आणि त्यातील १२ इंची ब्लॉक एक इंचाचा होतो. मी तोवर अनेक वर्षे मोठी क्विल्ट शिवीत होते. त्यामुळे हे काम आठवड्याभरात उरकेल असे मी सांगून बसले. नेहमीच्या पद्धतीने तुकडे कापून, काठाला काठ लावून टीप मारली, तर एका ओळीतील दोन ब्लॉकसुद्धा एकमेकांशी जुळेनात. १२ इंची ब्लॉकमध्ये एक मिलिमीटरची चूक कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. एक इंची ब्लॉकमध्ये तीच चूक रुंदीचा पंचविसावा भाग असते, आणि प्रत्येक टिपेगणिक तिच्यात भर पडते. कात्रीने कापलेला काठ आणि मशीनच्या पायाशी धरलेली माया या दोन्हींवर एवढ्या लहान कामात विसंबता येत नाही, हे मला तेव्हा प्रथम कळले.

ताईने त्यावर सुचवले की अंतर हाताने मोजायचेच नाही, ते कागदावर आखून ठेवायचे आणि रेघेवरून शिवायचे. तिला ही कल्पना आपली वाटली होती. पेपर पीसिंग म्हणून ती पद्धत सर्वत्र रूढ आहे हे आम्हां दोघींनाही नंतर समजले. यात रेघा छापलेली बाजू वर ठेवतात आणि कापड कागदाच्या खाली, कोऱ्या बाजूला, धरतात. पहिला तुकडा सुलटी बाजू बाहेर ठेवून चिकटवतात, दुसरा त्याच्यावर सुलटीला सुलटी लावून धरतात, कागद वर करून रेघेवर टीप मारतात, माया कातरतात, तुकडा उलटवून इस्त्री करतात आणि नकाशावर छापलेल्या पुढच्या क्रमांकाच्या तुकड्याकडे वळतात. टाक्याची लांबी साधारण दीड मिलिमीटर ठेवावी लागते, म्हणजे इंचाला सुमारे १७ टाके पडतात. त्यामुळे कागदाला जवळजवळ भोके पडतात आणि शेवटी तो टिपेवरून सहज फाटतो. या पद्धतीत कापड वेडेवाकडे कापलेले असले तरी बिघडत नाही, कारण अचूकपणा कापडात नसून रेघेत असतो. पलंगाचे क्विल्ट तिसऱ्या प्रयत्नात पूर्ण झाले, आणि त्यासाठी ताईने काढलेला कागद पाहून एका परिचित शिवणाऱ्या बाईंनी क्विल्ट बाजूला ठेवून कागदच मागितला. आमचा उद्योग त्या मागणीतून उभा राहिला.

नावामुळे मात्र आरंभी बराच घोटाळा झाला. कागदाच्या तुकड्यावर कापड दुमडून, ते काठाकाठाने हाताने बारीक टाक्यांनी जोडण्याची एक वेगळी आणि जुनी रीत आहे, आणि तिलाही पेपर पीसिंगच म्हणतात. षटकोनांची क्विल्ट बहुधा तशीच करतात. ब्रिटनमधील १७१८ सालचे रेशमी तुकड्यांचे आच्छादन या रीतीने शिवलेले असून त्यातील कागद आजही आतच आहेत. आमच्याकडे येणाऱ्या पहिल्या मागण्यांपैकी निम्म्या षटकोनी कागदांच्या असत, आणि आम्ही पाठवलेल्या रेघांच्या कागदावर कापड कसे दुमडायचे, अशी विचारणा होई. आमची पद्धत तिची बहीण म्हणता येईल, पण वळण निराळे. पायाला कापड किंवा कागद घेऊन त्यावर पट्ट्या शिवत जाण्याची रीत एकोणिसाव्या शतकातील लॉग केबिन क्विल्टमध्ये दिसते, आणि पुढे जुन्या वर्तमानपत्रांचे कागदही त्यासाठी वापरले गेले. आता आम्ही प्रत्येक संचाच्या पहिल्याच पानावर ‘या कागदावरून टीप मारावयाची आहे’ असे ठळक अक्षरांत छापतो.

पहिली मोठी चूक मात्र पूर्णपणे आमची होती. कापड कागदाच्या खालच्या बाजूला असल्यामुळे तयार ब्लॉक हा छापील नकाशाचे आरशातील प्रतिबिंब असतो. हे आम्हांला ठाऊक नव्हते असे नाही, परंतु सुरुवातीचे आमचे सर्व नमुने डावी-उजवीकडे सारखे असल्यामुळे ते विसरले गेले होते. त्यानंतर आम्ही घराचा ब्लॉक काढला आणि धुराडे उजवीकडचे डावीकडे गेले, तरी कोणी तक्रार केली नाही. त्या शांततेमुळे आम्ही निर्धास्त झालो आणि अक्षरांचा संच काढला. तो शिवल्यावर एकही अक्षर सरळ वाचता येईना. घाईमुळे तो नमुना मी स्वतः शिवून पाहिला नव्हता, ही गोष्ट मी येथे मुद्दाम नोंदवते. गेलेले सर्व संच आम्ही बदलून दिले, आणि त्या दिवसापासून नकाशाशेजारी तयार ब्लॉकचे लहान चित्र छापण्याचा आणि न शिवलेला नमुना न विकण्याचा नियम झाला.

नकाशा आखणे म्हणजे केवळ रेघा ओढणे, असा समज असतो. खरा कस लागतो तो क्रमांक घालण्यात. प्रत्येक नवी रेघ आधी शिवलेल्या तुकड्यांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग गेली पाहिजे. एखादी रेघ मध्येच दुसऱ्या दोन रेघांच्या सांध्यात थांबत असेल, तर तेथे सरळ टीप मारता येत नाही आणि नकाशाचे भाग पाडावे लागतात. सॉटूथ स्टार हा साधा दिसणारा तारा घ्या. त्यात मधला चौरस, चार कोपऱ्यांचे चौरस आणि चार बाजूंना प्रत्येकी तीन त्रिकोण, असे १७ तुकडे असतात. वरची पट्टी पाच तुकड्यांत सलग शिवता येते, खालचीही तशीच. मधल्या पट्टीत मात्र बाजूच्या त्रिकोणांची टोके मधल्या चौरसाच्या काठावर बरोबर मध्यभागी भेटतात, म्हणून ती एका दमात शिवता येत नाही. तेव्हा एका बाजूचे तीन त्रिकोण आणि मधला चौरस यांचा एक भाग, दुसऱ्या बाजूच्या तीन त्रिकोणांचा दुसरा भाग, असे एकूण चार भाग होतात. भाग जितके कमी तितके बरे, कारण भाग जोडतानाच टोके सरकतात. ताई एकेका नमुन्यावर चार-चार दिवस घालवते ते एक भाग वाचवण्यासाठी; आणि तिने वाचवलेला भाग शिवणाऱ्याला दिसत नाही, तरीही ग्राहक खरे तर त्याचेच पैसे आम्हांला देतो.

आता मायेकडे येते. क्विल्टमध्ये पाव इंच माया ठेवण्याचा प्रघात आहे आणि आम्हीही तो डोळे मिटून पाळला. पहिला एक इंची लॉग केबिन आम्ही १३ तुकड्यांचा आखला: मधला चौरस आणि त्याभोवती पट्ट्यांचे तीन फेरे. त्यात प्रत्येक पट्टी इंचाचा सातवा भाग, म्हणजे जेमतेम साडेतीन मिलिमीटरांच्या वर, भरते. पाव इंच म्हणजे सव्वासहा मिलिमीटरांहून अधिक. पट्टीपेक्षा तिची माया मोठी झाली! ती शेजारच्या पट्टीखाली जाऊन तिच्याही पलीकडे पसरली, पाठीमागे कापडाचे थरावर थर साठले आणि ब्लॉक मधोमध फुगला. इस्त्री करून तो बसेना. तेव्हा आतील सर्व टिपांची माया आम्ही एका सुतावर, म्हणजे इंचाच्या आठव्या भागावर आणली. एवढी माया मोठ्या क्विल्टमध्ये उसवण्याची भीती असते, पण येथे टाके इतके जवळ असतात की घट्ट विणीच्या कापडात ती तग धरते. ब्लॉकच्या बाहेरच्या काठाला मात्र पाव इंचच ठेवावी, असा माझा आग्रह होता. ताईचे म्हणणे सर्वत्र एकच माप असावे. माझे कारण असे की ब्लॉक एकमेकांना जोडताना बोटांना आणि मशीनच्या दातांना पकडण्यासाठी काहीतरी हवे असते. जोडल्यावर ती माया कातरून एका सुतावर आणता येते. या एका मुद्द्यावर आम्ही दोघींनी दोन निरनिराळे नमुने छापून शिवणाऱ्यांकडे दिले आणि निकाल माझ्या बाजूने लागला. तेरा तुकड्यांच्या त्या लॉग केबिनचा मात्र आम्ही नाद सोडला. एक इंचात आता दोनच फेरे आणि नऊ तुकडे असतात. पट्टी इंचाच्या पाचव्या भागाची होते आणि पाहणाऱ्याला तिचा रंग तरी ओळखू येतो. मोठा ब्लॉक लहान करताना तुकडे कमी करावेत, केवळ आकार कमी करू नये, या मतावर मी आजही ठाम आहे.

ग्राहक मात्र आकारच कमी करतात. एका बाईंनी आमचा तीन इंची नमुना निम्म्या प्रमाणात छापून घेतला आणि ब्लॉक जोडताना कडा सुटतात अशी तक्रार केली. नकाशा निम्मा केला की बाहेरची छापील मायाही निम्मी होते, हे त्यांच्या लक्षात आले नव्हते, आणि आम्हीही ते कोठे लिहिले नव्हते. तेव्हापासून आम्ही प्रत्येक आकाराचा नकाशा स्वतंत्र आखतो.

छपाईने आम्हांला सर्वांत मोठा फटका दिला. एकदा मागणी वाढल्यामुळे आम्ही कागद बाहेरच्या छापखान्यात दिले. तेथे नकाशा पानात बसवण्यासाठी आपोआप ९७ टक्के केला गेला आणि आमच्यापैकी कोणी मोजून पाहिले नाही. तीन इंची ब्लॉक २.९१ इंचांचा झाला. सगळेच ब्लॉक सारखे आखडल्यामुळे ते आपापसांत उत्तम जुळत होते. भांडे फुटले ते कडेच्या पट्ट्या लावताना. आठ ब्लॉकची ओळ २४ इंचांऐवजी २३.२८ इंच भरली आणि आम्ही २४ इंचांच्या हिशेबाने कापून दिलेल्या पट्ट्या जवळजवळ पाऊण इंचाने लांब ठरल्या. ते सर्व कागद रद्दीत गेले आणि त्या वर्षाचा नफाही त्यांच्यामागोमाग गेला. आता प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक इंचाचा चौकोन छापलेला असतो; छपाई पुन्हा आमच्याकडेच होते, आणि दर गठ्ठ्यातील पहिले व शेवटचे पान पट्टीने मोजल्याशिवाय पुढे जात नाही.

कागदाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण तो निवडण्यात आमची दीड वर्षे गेली. कार्यालयात वापरला जाणारा जाड कागद टिपेवरून फाटत नाही, आणि ओढला तर टाके सैल करून निघतो. ट्रेसिंगचा कागद पारदर्शक असल्याने तुकडा कोठे बसतो ते दिसते, पण इस्त्रीखाली तो आक्रसतो आणि वळतो. शेवटी आम्ही वर्तमानपत्राच्या जातीचा, पातळ आणि खरखरीत, अनछापा कागद निवडला. तो दिसायला दरिद्री असला तरी दुमडतो नीट आणि फाटतोही नीट. शाई उष्णतेने कापडावर उतरणार नाही याची खात्री पांढऱ्या कापडावर करून घ्यावी लागते, आणि वाफेची इस्त्री तर कटाक्षाने टाळावी लागते, कारण ओलाव्याने कागदाचे माप बदलते. कागद केव्हा काढायचा हे मी स्वतः चुकत चुकत शिकले. ब्लॉक चारही बाजूंनी जोडला जाईपर्यंत कागद आतच राहिला पाहिजे, कारण लहान तुकड्यांचे अनेक काठ उरेब, म्हणजे विणीला तिरपे कापलेले, असतात आणि आधार काढताच ते ताणले जातात. नंतर तो चिमट्याने कपटा-कपटा काढायचा. एक इंचाच्या एका ब्लॉकला त्यासाठी जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात मोठा ब्लॉक शिवून होतो, हे नव्या शिवणाऱ्यांना आम्ही आधीच सांगून ठेवतो.

कापडाबाबत आमची एक चूक तत्परतेतून झाली. ग्राहकाचे श्रम वाचावेत म्हणून आम्ही तुकडे अगदी मापात कापून देऊ लागलो. तिरप्या रेघेवर शिवलेला त्रिकोण उलटवल्यावर भलत्याच दिशेला जातो, हे जाणणाऱ्यालाही दर वेळी त्याचा अंदाज येत नाही. त्यामुळे मापातले तुकडे हमखास अपुरे पडू लागले. आता आम्ही प्रत्येक तुकडा आयताकृती आणि चारही बाजूंनी सढळ कापतो. कापड वाया जाते, पण पत्रव्यवहार वाचतो. घट्ट विणीचे पातळ सुती कापड, त्यावर असलीच तर अगदी बारीक नक्षी, ६० किंवा ८० नंबरचा दोरा आणि ८० नंबरची सुई, हे आता ठरून गेले आहे. सुईचा ८० हा आकडा तिच्या ०.८ मिलिमीटर जाडीचा असतो, म्हणजे नंबर वाढला की सुई जाड होते, आणि दोऱ्याचा नंबर वाढला की दोरा बारीक होतो, या दोन उलट चालींमुळे संच भरताना एकदा सगळेच साहित्य चुकले होते. त्याची हकिकत आमच्या सहकारी अधिक रंगवून सांगतात.

आज प्रत्येक नवा नमुना विक्रीला जाण्यापूर्वी तिघीजणी शिवून पाहतात, आणि त्यांतील एकीने पूर्वी पेपर पीसिंग केलेले नसावे असा आमचा दंडक आहे. सध्या पाऊण इंची सॉटूथ स्टारची परीक्षा चालू आहे. त्यात कोपऱ्याचे चौरस पाच मिलिमीटरांच्याही आत येतात आणि चार भाग जोडताना ताऱ्याची टोके मायेखाली गडप होतात. ताईने भागांचा क्रम दोनदा बदलून दिला आहे. काल शिवलेल्या ब्लॉकमध्ये आठांपैकी सहा टोके शाबूत राहिली. उरलेल्या दोन टोकांसाठी तिसरा नकाशा टेबलावर पडला आहे.