मेडिसिन बॉलचा बैठा ट्विस्ट: पावसाळ्यातील प्रगतीची नोंद

गुडघे वाकवून, धड किंचित मागे रेलून बसायचे आणि दोन्ही हातांत धरलेला मेडिसिन बॉल, म्हणजे व्यायामाचा वजनदार चेंडू, आलटूनपालटून दोन्ही बाजूंना न्यायचा, हा रशियन ट्विस्ट नावाचा व्यायाम उन्हाळ्यापासून माझ्या सरावात आहे. या पावसाळ्यात मी तीन किलोच्या बॉलवरून चार किलोवर आलो. मात्र वजनवाढीपेक्षा मला मोलाचे वाटते ते हे की, पीळ आता कंबरेऐवजी बरगड्यांच्या भागातून येऊ लागला आहे.

यामागचे कारण मणक्यांच्या रचनेत आहे. कंबरेच्या पाच मणक्यांमधील सांध्यांची ठेवण पुढे-मागे वाकण्यासाठी सोयीची असते, पण वळण्यासाठी नसते. तेथे एका मणक्यावर दुसरा जेमतेम एक-दोन अंश फिरतो. ज्यांना बरगड्या जोडलेल्या असतात, ते पाठीचे 12 मणके मात्र मिळून एका बाजूला सुमारे 30 ते 35 अंश वळू शकतात. म्हणूनच बॉल कुठवर पोहोचला यापेक्षा छाती किती वळली हे पाहावे, असे माझे ठाम मत झाले आहे. बॉल जमिनीला टेकवण्याच्या नादात पुष्कळदा नुसते हातच फिरतात आणि छातीचे हाड समोरच राहते. बॉल सतत त्या हाडासमोर ठेवला की हातांना ही पळवाट उरत नाही.

आमच्या पेठेतील तालमीचे वस्ताद एकदा माझा सराव पाहत उभे होते. ते एवढेच म्हणाले, "गुडघ्यांकडं बघ. एक गुडघा पुढं सरकला की समज, कंबर फिरली." त्यांनी आयुष्यभर मुद्गल आणि गदा फिरवली आहे, त्यामुळे त्यांची नजर नेमकी तेथे गेली याचे मला नवल वाटले नाही. तेव्हापासून मी दोन गुडघ्यांमध्ये घडी घातलेला पंचा धरतो. ओटीपोटाचा भाग जरा जरी वळला, तरी पंचा एका बाजूने सैल होऊन घसरू लागतो आणि त्याच क्षणी गती कमी करावी लागते. आता डावीकडे वळताना तो जागचा हलत नाही. उजवीकडे मात्र थकवा आल्यावर अजूनही सुटतो. उजवीकडे वळताना डाव्या बाजूचा बाहेरचा तिरका स्नायू आणि उजव्या बाजूचा आतला तिरका स्नायू जोडीने काम करतात, तेव्हा या जोडीकडे मला अधिक लक्ष द्यावे लागणार आहे.

श्वासाची शिस्तही महत्त्वाची आहे. वळताना सावकाश श्वास सोडला की बरगड्या खाली येतात आणि पोटाभोवती कमरपट्ट्यासारखा असलेला सर्वांत आतला आडवा स्नायू आवळला जातो. श्वास कोंडू लागला की मी तो सेट तेथेच थांबवतो.

वजन वाढवू पाहणाऱ्यांसाठी एक अनुभव सांगतो: कोपर वाकवून छातीजवळ धरलेला चार किलोचा बॉल मला हात लांब करून धरलेल्या तीन किलोपेक्षा हलका जातो, कारण बॉल धडापासून जितका दूर, तितका त्याचा भार धडाला अधिक पेलावा लागतो. त्यामुळे नवे वजन घेतल्यावर सुरुवातीला ते छातीजवळ धरावे, आणि पंचा स्थिर राहू लागल्यावरच हात थोडेथोडे पुढे न्यावेत. कोल्हापूरच्या पावसाळी हवेत रबरी बॉल घामाने फार निसटतो, म्हणून प्रत्येक सेटपूर्वी तो कोरडा पुसून घेणे मी कटाक्षाने पाळतो.

पुढच्या टप्प्यात एक गुडघा जमिनीवर टेकवून, बॉल एका खांद्याच्या वरून विरुद्ध नितंबाकडे तिरका खाली आणण्याचा व्यायाम सुरू करणार आहे. त्यासाठी पुन्हा तीन किलोचाच बॉल घेईन. भिंतीवर बॉल फेकण्याचा सराव त्यानंतर करीन, आणि त्याकरिता उसळी न घेणारा मऊ बॉल वेगळा आणावा लागेल.