तुम्ही विचारलंत म्हणून : एवढी माती आणता कुठून?

गच्चीवर येणारे आधी वांगी-मिरच्या बघतात, झेंडूचा फोटो काढतात आणि मग हमखास विचारतात, "एवढी माती वर चढवली कशी? आणता कुठून?" पुण्यात सोसायटीच्या गच्चीवर भाजी लावणाऱ्या कोणालाही हा प्रश्न चुकत नाही. माझं उत्तर असं, की मी माती जवळजवळ आणतच नाही. या कुंड्यांमध्ये आहे तो पालापाचोळा, स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि थोडं शेणखत. माती प्रत्येक कुंडीत ओंजळ-दोन ओंजळ, विरजणापुरती.

पहिलं कारण वजनाचं. ज्या गच्चीवर माणसांची ये-जा असते, तिच्यासाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला सुमारे 150 किलो भार धरतात. भिजलेल्या मातीचा फूटभर थर तेवढ्याच जागेत 500 किलोच्या आसपास जातो. स्लॅबवर थेट वाफे करणाऱ्यांना मी कळकळीनं सांगते, आधी इंजिनिअरला विचारा. पाचोळ्याच्या कुंड्या मात्र मी एकटी उचलून उन्हाकडे सरकवू शकते.

दुसरं कारण मुळांचं. काळी माती शेतात उत्तम, कुंडीत त्रासाची. पाणी दिलं की ती फुगते, वाळली की आकसते, कडेनं फट पडते. मग पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि मधली मुळं कोरडीच राहतात. नर्सरीतून आणलेली नुसती लाल माती तर पाणी देऊन देऊन घट्ट बसते.

आणि तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. चांगली माती म्हणून जी विकली जाते, ती कुठल्या तरी जमिनीचा वरचा थर खरवडून आणलेली असते. तो थर तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. माझ्या चार वांग्यांसाठी कुणाचं रान उघडं पडावं, हे मनाला पटत नाही. विशेषतः जेव्हा उत्तम खताचा कच्चा माल आपल्याच रस्त्यावर पडलेला असतो.

शिमग्याच्या आगेमागे पुण्यातले पिंपळ, रेन ट्री पानं गाळतात. ही पानं ढीग करून पेटवली जातात. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळण्याला बंदी घालून साध्या प्रकाराला 5,000 रुपये दंड ठरवला, तरी सकाळी फिरायला निघालं की धूर दिसतोच. मला त्याचं फार वाईट वाटतं. झाडानं वर्षभर जमिनीतून ओढलेली खनिजं त्या पानांत असतात. आमच्या रस्त्यावर झाडणाऱ्या ताईंना मी पोती देऊन ठेवली आहेत. त्या भरून ठेवतात, मी घेऊन येते. पुण्यात 'ब्राऊन लीफ' नावाचा उपक्रमही आहे. ज्यांच्याकडे पानं आहेत आणि ज्यांना हवी आहेत, त्यांची तिथे गाठ पडते.

ही युक्ती माझी नव्हे. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडं प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून त्यात भाज्या घेतल्या. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच खरकट्या-कचऱ्यावर मळा उभा केला. हे वाचून माझी भीड चेपली.

आता भरायचं कसं? कुंडीला खाली भोकं हवीतच. तळाला रसवंतीवरची चिपाडं किंवा नारळाच्या शेंड्या. त्यावर चुरलेली पानं, मग ओला कचरा, पुन्हा पानं, मध्ये मध्ये शेणखत आणि ती ओंजळभर माती. ओल्या कचऱ्याच्या दुप्पट-तिप्पट पानं घातली की वास येत नाही. वास आलाच तर पानं कमी पडली आहेत असं समजा. मूठभर घेऊन पिळल्यावर एखाददुसरा थेंब यावा, एवढीच ओल. ढीग मोठा असेल तर आतून चांगलाच तापतो, तेव्हा त्यात बी टाकू नका. अर्धवट कुजलेल्या पाल्यात लावलेलं रोप पिवळं पडतं, कारण पानं कुजवणारे जीवाणू नत्र आधी स्वतः वापरतात. भरणं काळं, भुसभुशीत झालं आणि पावसानंतरच्या रानासारखा वास येऊ लागला की लावा. पुढेही ते खचत राहतं. दर हंगामाला वरून पानं घालत राहायचं.

जीवामृताबद्दलही, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या पातळ खताबद्दलही विचारता. नैसर्गिक शेतीचा प्रसार करणारे अमरावतीकडचे सुभाष पाळेकर यांचं प्रमाण एकराला 200 लिटर पाण्याचं आहे. गच्चीला 2 लिटर पुरतं : 100 ग्रॅम शेण, 100 मिलीलिटर गोमूत्र, 20 ग्रॅम गूळ, 20 ग्रॅम बेसन, चिमूटभर माती. सावलीत ठेवून दोन-तीन दिवस ढवळायचं, दहापट पाण्यात मिसळून द्यायचं.

काय लावायचं, हे ऊन ठरवतं. वांगी, मिरची, टोमॅटोला पाच-सहा तास ऊन हवं. पालक, माठ, पुदिना, गवती चहा यांचं तीन-चार तासांत भागतं. दक्षिणेची गॅलरी असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो, म्हणून त्या गॅलरीत तेव्हा ऊन फारसं येत नाही. दिवाळीनंतर मात्र तो दक्षिणेला कलतो आणि ऊन थेट आत येतं. मेथी, कोथिंबीर, शेवंती तेव्हाच लावा. धणे हलके रगडून दोन करा. अख्खे पेरू नका. आणि उन्हाळ्यात कोथिंबिरीचा हट्ट नको, ती लगेच फुलावर येते. झेंडू मी भाजीच्या मध्ये मध्ये लावते. त्यावर मधमाश्या येतात आणि शेजारच्या दोडक्या-कारल्याच्या फुलांकडेही वळतात.

पुढच्या शिमग्याला रिकामी पोती घेऊन या, रेन ट्रीची पानं भरपूर देईन. ती बारीक असतात, लवकर कुजतात. आंब्याची तर आत्ताही आहेत, हवी तेवढी न्या. जाड असल्यामुळे ती फार वेळ घेतात, म्हणून चुरून मगच घाला.