पाथरी ते परभणी, सायकलने

कापूस वेचणीच्या दिवसांत पाथरीहून मानवतमार्गे परभणीला सायकलने निघालो, तेव्हा वाटेत चढ असा लागलाच नाही. गोदावरीच्या खोऱ्यातला हा मुलूख इतका सपाट आहे, की पुढच्या गावाची पाण्याची टाकी गाव येण्याच्या कितीतरी आधी दिसू लागते. मात्र आडोसाही नाही. सकाळभर पूर्वेचा वारा तोंडावर होता आणि तो घाटाइतकाच दमवत होता.

नेदरलँड्समध्ये माणसांपेक्षा सायकली अधिक आहेत, याचे कारण म्हणून तिथल्या सपाट जमिनीकडे बोट दाखवले जाते. त्या देशाचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीखाली आहे, तेव्हा कारण खोटे नाही. पण १९५० नंतरच्या दोन दशकांत मोटारी वाढल्या तशा त्याच सपाट जमिनीवरच्या सायकली झपाट्याने कमी झाल्या होत्या. १९७१ मध्ये तिथे रस्ते अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे दगावली, त्यांत शेकडो मुले होती. संतापलेले पालक रस्त्यावर उतरले, १९७३ मध्ये तेलटंचाई आली, आणि त्यानंतर सायकलींसाठी वेगळे मार्ग बांधण्यास खरा जोर चढला.

मानवतच्या अलीकडे मी बराच वेळ रस्त्याची कड पाहत थांबलो. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे साईडपट्टी खचली होती आणि डांबराची तुटकी कड वीतभर उंच उरली होती. मागून ट्रक आला की सायकलवाल्याला नेमके तिथूनच खाली उतरावे लागते. नेदरलँड्सच्या पश्चिम भागातली जमीनही मऊ आणि खचणारीच आहे. तिथले कित्येक रस्ते विटांचे असतात, खचले की विटा उचलून, खाली वाळू भरून पुन्हा बसवता येतात. आपल्या मातीचा असा विचार आपण साईडपट्टीपुरता तरी करायला हवा, असे मला मनापासून वाटते.

कारण या कडेवरून शाळकरी मुली जातात. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. मानवतजवळ भेटलेल्या मुलींनी कॅरिअरला दप्तरे करकचून बांधली होती आणि ट्रकचा हॉर्न ऐकताच त्या एकामागे एक मातीत उतरत होत्या. रुंदीकरण निघेल तेव्हा गाव ते शाळा एवढ्या अंतराची वेगळी पट्टी सर्वांत आधी व्हावी, आणि तिच्या कडेची कडुलिंबाची झाडे राखावीत, कारण मार्चनंतर इथे सावलीशिवाय सायकल चालवणे कठीण होते.