पाचवा उद्गार

नगर जिल्ह्यातल्या आमच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीत उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, उपासना बाराच्या ठोक्याला सुरू व्हायची आणि तीनला संपायची. ख्रिस्त वधस्तंभावर असताना बारा ते तीन देशभर अंधार पडला होता, म्हणून तीच वेळ. त्या दिवशी घंटा नसे. तरुण संघाची पोरं आदल्या रात्री खिडक्यांना जाजमं बांधत. दोन वाजले की पश्चिमेकडच्या जाजमाच्या भोकातून उन्हाची तिरीप आत येई आणि क्रूसावरच्या काळ्या कापडावर हळूहळू चढत जाई. मी तीच बघत बसे.

ख्रिस्तानं वधस्तंभावरून काढलेले सात उद्गार, त्यांवर सात बोलणारे, मधे पेटी-तबल्यावर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं. पहिला उद्गार, ‘हे बापा, त्यांना क्षमा कर’, पाळकसाहेबांचा ठरलेला. बाकीचे चिठ्ठ्या टाकून. आम्ही पोरं तीनपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही असं ठरवायचो.

१९७३ सालची उपासना माझ्या मनात वेगळी राहिली आहे. दुष्काळ पेटलेला. त्याच आठवड्यात शाळेत शेजारी बसणाऱ्या मित्रानं, भिक्षुकी करणाऱ्या घरातला तो, मला विचारलं होतं, “प्रायश्चित्त ज्याचं पाप त्यानंच घ्यायचं असतं ना? तुमच्यात दुसऱ्यानं कसं घेतलं?” ‘तो आमच्या अपराधांमुळे घायाळ झाला’ हे बायबलातल्या यशया संदेष्ट्याचं वचन मला तोंडपाठ होतं. उत्तर मात्र येत नव्हतं.

पाचव्या उद्गाराची चिठ्ठी, ‘मला तहान लागली आहे’, एका आजींना निघाली होती. दुष्काळी कामावर त्या खडी फोडायला जात. उभ्या राहिल्या, फुटलेली बोटं पदरात लपवली आणि म्हणाल्या, “माझ्या शेजारी एक पोटुशी पोर बसती. तिच्या वाटची खडी म्या फोडली. मंग तहान कुणाला लागली? मला लागली. त्याचं बी तसंच हाय.” एवढंच बोलून त्या खाली बसल्या. पेटीवाल्याला भजन सुरू करायचं भानच राहिलं नाही.

पुढं मी बरंच वाचलं. बायबलातल्या लेवीय या पुस्तकातले प्रायश्चित्ताच्या दिवशीचे दोन बकरे: एकाचा बळी देत, दुसऱ्याच्या डोक्यावर लोकांची पापं ठेवून त्याला रानात सोडत. अकराव्या शतकातल्या अन्सेल्म या ख्रिस्ती धर्मपंडितानं मांडलेलं माणसाचं न फिटणारं ऋणही वाचलं. त्या विचारांबद्दल मला आदर आहे. पण रागावलेल्या देवानं कुणा तिसऱ्याला धरून शिक्षा दिली, असं कुणी सांगू लागलं की मला ते पटत नाही. देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता, असं प्रेषित पौल लिहितो. ज्याच्याविरुद्ध अपराध झाला तोच खाली उतरला आणि आमच्या वाटची खडी फोडायला बसला. क्षमा करणाऱ्याला क्षमा फुकट पडत नाही. तिची तहान त्याला लागते.

तीन वाजता बाहेर आलो. रांजणात तळाशी पाणी होतं. आजी एकेका पोराच्या ओंजळीत वाटीनं ओतत होत्या.

सोमवारी मित्राला सगळं सांगितलं. तो काही बोलला नाही. पुढच्या उत्तम शुक्रवारी मात्र दारात चपला काढून शेवटच्या बाकावर येऊन बसला आणि पाचवा उद्गार झाल्यावर उठून गेला.